आयडाहोचे बारा, न्यू जर्सीचे अकरा

५ फेब्रुवारी २००८ रोजी न्यू जर्सीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्याच्या मतदानात, अकरा लाखांहून जास्त लोकांनी मतदान केलं. त्यातलं एक मत माझं. नागरिकत्वाची शपथ आदल्या वर्षी झाली होती, त्यामुळे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्यात माझा हात लागण्याची ती पहिलीच वेळ. हिलरी क्लिंटन आमच्याकडे दहा टक्क्यांच्या फरकानं जिंकल्या. त्याच दिवशी तिकडे आयडाहोत कॉकस झाले, म्हणजे लोकांनी सभेला जमून आपला पाठिंबा नोंदवला. थंडीत शाळा-सभागृहांमध्ये जमलेले लोक सगळे मिळून एकवीस हजारांच्या आसपास, आणि त्यातले जवळजवळ ऐंशी टक्के बराक ओबामांच्या बाजूचे.

आता हिशोब बघा. डेलिगेट म्हणजे पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात जाऊन उमेदवार निवडणारे प्रतिनिधी. न्यू जर्सीचे १०७ डेलिगेट होते. क्लिंटनना ५९ मिळाले, ओबामांना ४८. म्हणजे क्लिंटनची आघाडी ११ ची. आयडाहोचे डेलिगेट फक्त १८. त्यातले ओबामांना १५, क्लिंटनना ३. ओबामांची आघाडी १२ ची. आमच्या राज्यात क्लिंटनना एक लाखाहून जास्त मतांची आघाडी होती, आणि ती आघाडी आयडाहोतल्या एखाद्या स्टेडियममध्ये मावतील एवढ्या माणसांनी पुसून टाकली, वर एक डेलिगेट जास्तीचा.

मी ऑडिटमध्ये नोकरी करते. दोन आकडे एकमेकांशी जुळेनात की मला झोप लागत नाही. त्या आठवड्यात मी डेमोक्रॅटिक पक्षाची डेलिगेट निवडीची नियमावली उतरवून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले. तेव्हापासून दर निवडणुकीला वाचते, दोन्ही पक्षांची. इथे राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी बहुतेकांना नोव्हेंबरचं मतदान आणि इलेक्टोरल कॉलेज व्यवस्थित कळतं, पण त्याआधीची ही पायरी अंधारात असते. माझं म्हणणं असं की खरी निवड पुष्कळदा याच पायरीवर होऊन जाते. नोव्हेंबरमध्ये आपल्यापुढे दोनच नावं येतात. ती दोन कोणती, हे इथे ठरतं.

आयडाहोचं कोडं सुटलं ते असं. कोणत्या राज्याला किती डेलिगेट, हे त्या दिवशी किती लोक मतदानाला आले यावर ठरत नाही. ते आधीच ठरलेलं असतं. डेमोक्रॅट निम्मं वजन राज्याच्या इलेक्टोरल मतांना (नोव्हेंबरच्या निवडणुकीत राज्याच्या वाट्याला येणाऱ्या मतांना) देतात आणि निम्मं वजन मागच्या तीन अध्यक्षीय निवडणुकांत त्या राज्यानं पक्षाला किती मतं दिली याला. प्रायमरी उशिरा घेतली तर वर बक्षिसाचे डेलिगेटही मिळतात. अशा रीतीनं राज्याचा वाटा पक्का झाला की मग उमेदवारांमध्ये तो मतांच्या प्रमाणात वाटायचा. अट एवढीच की किमान १५ टक्के मतं हवीत. त्या आकड्याखाली गेलेल्याला काही नाही. त्यामुळे मोठ्या राज्यात थोड्या फरकानं जिंकण्यापेक्षा लहान राज्यात प्रचंड फरकानं जिंकणं कधीकधी जास्त फायद्याचं ठरतं. ओबामांच्या माणसांनी हे आधीच ओळखलं होतं. मतदानाच्या तीन दिवस आधी ओबामा स्वतः बॉइजीला जाऊन हजारोंच्या सभेत बोलून आले. आयडाहो नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅटिक उमेदवाराला जिंकून देणार नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तरी ते गेले, कारण फेब्रुवारीत तिथले अठरा डेलिगेट खरे होते.

याच्या आत आणखी एक गणित आहे आणि मला ते फार आवडतं. राज्याचे बरेचसे डेलिगेट एकगठ्ठा वाटले जात नाहीत, मतदारसंघवार वाटले जातात. समजा एका मतदारसंघाला चार डेलिगेट आहेत आणि रिंगणात दोघेच आहेत. एकाला ६० टक्के मतं, दुसऱ्याला ४०. वाटप होतं दोन-दोन! तिसरा डेलिगेट हवा तर ६२.५ टक्क्यांच्या वर जावं लागतं. तेच मतदारसंघाला पाच डेलिगेट असतील तर ५० टक्क्यांच्या वर एक मत गेलं की तीन-दोन. म्हणजे सम संख्येच्या मतदारसंघात भरपूर पैसा आणि कार्यकर्ते ओतूनही हाती काही लागत नाही, आणि विषम संख्येच्या मतदारसंघात थोड्याशा ढकलण्यानं एक डेलिगेट पडतो. २००८ मध्ये नेव्हाडात हेच झालं. कॉकसमध्ये जास्त पाठिंबा क्लिंटनना, पण डेलिगेट ओबामांना १३ आणि क्लिंटनना १२. लास व्हेगासमध्ये क्लिंटनचं बळ होतं तिथे वाटणी समसमान झाली, आणि ग्रामीण भागातल्या विषम संख्येनं ओबामांना एक जास्त दिला.

टेक्सासचा प्रकार तर वेगळाच. माझी मामेबहीण ह्यूस्टनला असते. ४ मार्चच्या रात्री तिचा फोन आला.

"ताई, सकाळी मत दिलं, आणि आता परत रांगेत उभी आहे."

"परत कशाला?"

"इथे दोनदा यावं लागतं. सकाळचं मत वेगळं, रात्रीची सभा वेगळी. शाळेच्या जिममध्ये पाय ठेवायला जागा नाही."

तिथे तेव्हा दोन तृतीयांश डेलिगेट प्रायमरीच्या मतांवर आणि उरलेले रात्रीच्या सभांमधून पुढे जाणाऱ्या कॉकसवर वाटले जात. प्रायमरी क्लिंटननी जिंकली. रात्रीच्या सभा ओबामांनी जिंकल्या. एकूण बेरीज: ओबामा ९९, क्लिंटन ९४. मुलांना झोपवून, दुसऱ्या दिवशीची शिफ्ट सांभाळून रात्री दहापर्यंत ज्यांना थांबता आलं त्यांचं मत मोठं झालं. मला ही पद्धत अन्यायाची वाटत होती आणि अजूनही वाटते. टेक्सासच्या डेमोक्रॅटांनी पुढे ती सोडून दिली, हे चांगलं झालं.

हे सगळं नियम करतं कोण? सरकार नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखसुद्धा नाही. पक्ष ही खासगी संस्था आहे, तिचं अधिवेशन हे तिचं सर्वोच्च सभागृह, आणि उमेदवारी देणं हा तिचा स्वतःचा कारभार. राज्य सरकार प्रायमरी भरवतं, पैसे खर्च करतं, मतं मोजतं. पण त्या मतांचं पुढे काय करायचं हा निर्णय पक्षाचा. विस्कॉन्सिन राज्याचा कायदा आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे नियम यांची टक्कर झाली तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं १९८१ मध्ये पक्षाच्या बाजूनं निकाल दिला: अधिवेशनात कोणाला बसवायचं हे पक्ष ठरवेल.

याचा अर्थ काय होतो ते फ्लोरिडानं २००८ मध्ये भोगलं. फ्लोरिडा आणि मिशिगननं पक्षाची परवानगी नसताना तारखा जानेवारीत ओढल्या. पक्षानं शिक्षा म्हणून दोघांचे सगळे डेलिगेट काढून घेतले. फ्लोरिडात सतरा लाखांच्या आसपास लोकांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीत मतं दिली होती. मिशिगनच्या मतपत्रिकेवर तर ओबामांचं नावच नव्हतं, त्यांनी ते मागे घेतलं होतं. ३१ मे रोजी वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात नियम समितीची बैठक झाली. शनिवार होता. मी सकाळपासून टीव्हीसमोर होते आणि घरातल्या कोणालाही चॅनल बदलू दिलं नाही. दोन्ही राज्यांच्या डेलिगेटना अर्धं-अर्धं मत द्यायचं असं ठरलं, आणि प्रेक्षकांत बसलेल्या बायका उठून ओरडायला लागल्या. पुढे अधिवेशनाआधी पूर्ण मतं परत दिली गेली, पण तोवर निकाल लागून गेला होता. एका हॉटेलच्या दालनात बसलेली तीसेक माणसं लाखो मतांची किंमत ठरवतात, हे मी त्या दिवशी थेट पाहिलं. बैठक उघड्यावर झाली, प्रत्येकाचं मत नावानिशी दिसलं, ही त्यातली जमेची बाजू.

उघड्यावर यायला फार काळ लागला आहे. शंभर वर्षांपूर्वी अधिवेशनं खरोखरची लढाई असत. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डेमोक्रॅटांनी १०३ फेऱ्या मतदान केलं, कारण तेव्हा दोन तृतीयांश मतांची अट होती आणि ना मॅकाडू तिथे पोचत होते, ना अल स्मिथ. शेवटी थकून जॉन डेव्हिसना उमेदवारी दिली आणि ते नोव्हेंबरमध्ये हरले. ती अट १९३६ मध्ये गेली. पहिल्या फेरीपलीकडे गेलेलं शेवटचं अधिवेशन १९५२ चं. पण या जुन्या गोष्टींपेक्षा मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे, आणि ती आमच्याच राज्यातली आहे.

अटलांटिक सिटीच्या समुद्रकाठच्या लाकडी रस्त्यावर एक प्रचंड सभागृह आहे. लोक तिथे कॅसिनोसाठी जातात. मी पाहुण्यांना घेऊन जाते तेव्हा त्या सभागृहासमोर थांबवते, कारण १९६४ चं डेमोक्रॅटिक अधिवेशन तिथे भरलं होतं. मिसिसिपीहून आलेलं अधिकृत शिष्टमंडळ पूर्ण गोरं होतं. त्या राज्यात काळ्या माणसाला मतदार म्हणून नाव नोंदवणंच जवळपास अशक्य होतं, मग डेलिगेट कुठून निवडले जाणार? म्हणून तिथल्या लोकांनी मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी काढली, गावोगाव सभा घेतल्या, जॅक्सनला आपलं राज्य अधिवेशन भरवलं, रीतसर डेलिगेट निवडले आणि बसमध्ये बसून न्यू जर्सीला आले. मागणी एकच: खरे डेलिगेट आम्ही आहोत, आम्हाला बसवा.

२२ ऑगस्टला फॅनी लू हेमर प्रमाणपत्र समितीपुढे, म्हणजे कोणतं शिष्टमंडळ बसवायचं ते ठरवणाऱ्या समितीपुढे, बोलायला बसल्या. शेतमजूर बाई. मतदार नोंदणीचा प्रयत्न केला म्हणून मळ्यावरून हाकललेल्या, विनोनाच्या तुरुंगात बेदम मारलेल्या. त्यांनी ते सगळं समितीला सांगितलं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी घाईनं पत्रकारांना बोलावलं, म्हणून कॅमेरे मध्येच जॉन्सनकडे वळले. पण संध्याकाळी वाहिन्यांनी हेमरबाईंची साक्ष पुन्हा दाखवली आणि देशानं ती ऐकली. पक्षानं तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या. हेमर आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या नाकारल्या. पण पक्षाला त्याच अधिवेशनात कबूल करावं लागलं की पुढच्या वेळेपासून वर्णभेद करून निवडलेलं शिष्टमंडळ बसवलं जाणार नाही. १९६८ ला शिकागोत मिसिसिपीच्या नव्या शिष्टमंडळात हेमर स्वतः होत्या, आणि सभागृह त्यांच्यासाठी उभं राहिलं. डेलिगेट म्हणजे कागदावरचा आकडा आहे असं कोणी म्हणालं की मला त्या आठवतात. त्या खुर्चीसाठी माणसांनी मार खाल्ला आहे.

त्याच १९६८ च्या अधिवेशनात दुसरा स्फोट झाला. तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. तरी उमेदवारी त्यांना मिळाली, कारण बहुतेक राज्यांत डेलिगेट निवडणं पक्षाच्या पुढाऱ्यांच्या हातात होतं. बाहेर शिकागोच्या रस्त्यावर पोलिस निदर्शकांना झोडपत होते, आत व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे डेलिगेट संतापले होते. त्यातून मॅकगव्हर्न आणि फ्रेझर यांचा आयोग आला, आणि त्यानं सांगितलं की डेलिगेट निवडीची रीत लेखी हवी, खुली हवी, बायकांना, तरुणांना, अल्पसंख्याकांना त्यात जागा हवी. हे सगळं पाळायचं तर प्रायमरी घेणं सोपं, असं बहुतेक राज्यांना वाटलं. आज आपण प्रायमरी म्हणजे जुनी परंपरा समजतो, पण सगळीकडे पसरलेली ही पद्धत जेमतेम पन्नास-पंचावन्न वर्षांची आहे. पुढाऱ्यांना मात्र ती जरा जास्तच खुली वाटली असावी. १९८४ पासून त्यांनी आपल्यासाठी सुपरडेलिगेट आणले: राज्यपाल, खासदार, पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे सदस्य, कोणाशीही बांधील नसलेले. क्लिंटन आणि बर्नी सँडर्स यांच्या गटांतल्या २०१६ च्या भांडणानंतर, २०१८ मध्ये नियम बदलला. निकाल आधीच नक्की झालेला नसेल तर पहिल्या फेरीत त्यांना मत नाही. हा बदल मला मनापासून पटतो.

रिपब्लिकन पक्षाचं चित्र साधं आहे. प्रत्येक राज्याला ठरलेले डेलिगेट, प्रत्येक मतदारसंघाला तीन, मग तिथे रिपब्लिकन मतदार लाखभर असोत की सॅन फ्रान्सिस्कोसारखे थोडे. शिवाय राज्यात आपला राज्यपाल असेल, मागच्या वेळी राज्यानं आपल्या उमेदवाराला मत दिलं असेल तर बक्षीस. वाटपाची पद्धत राज्यानं ठरवायची. मार्चच्या मध्यानंतर जिंकणाऱ्याला सगळेच्या सगळे देता येतात. २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना साडेबत्तीस टक्के मतं होती आणि तिथले पन्नासच्या पन्नास डेलिगेट त्यांना गेले. त्या राज्याला लवकर मतदान करूनही ही सूट होती. विरोधक पाच-सहा असले तर अशा नियमात एक तृतीयांश पाठिंबासुद्धा डोंगराएवढा होतो. तीन मतदारांपैकी दोघांचं म्हणणं अधिवेशनात पोचतच नाही, म्हणून मला प्रमाणशीर वाटप जास्त न्यायाचं वाटतं, त्यातले सम-विषमचे खेळ धरूनसुद्धा.

आणि मग २०२४. ४ जूनला मी न्यू जर्सीच्या प्रायमरीत मत दिलं, जो बायडन यांना. २१ जुलैला त्यांनी माघार घेतली. त्या दिवसापासून कितीतरी मित्रमंडळींनी मला विचारलं, "मग आमच्या मतांचं काय झालं?" तुमच्या मतांतून जी माणसं निवडली गेली ती माणसं अजून होती, हे त्याचं उत्तर. डेमोक्रॅटिक डेलिगेटला कायद्याची बेडी नसते. ज्यांनी निवडून दिलं त्यांच्या भावनेशी प्रामाणिक राहावं, असा नियम आहे. उमेदवारच बाजूला झाल्यावर हजारो डेलिगेट मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत कमला हॅरिस यांच्यामागे बहुमताला पुरतील एवढे डेलिगेट उभे राहिले. उमेदवारीसाठी अर्ज करायला तीनशे डेलिगेटच्या सह्या लागत होत्या, एका राज्यातून पन्नासांपेक्षा जास्त चालणार नव्हत्या. दुसऱ्या कोणाला तेवढ्या जमल्या नाहीत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन मतदान झालं, मतपत्रिकेवर नाव देण्याच्या राज्यांच्या मुदती सांभाळण्यासाठी. शिकागोच्या युनायटेड सेंटरमध्ये नंतर राज्याराज्याचं नाव घेऊन जो पुकारा झाला तो उत्सवाचा होता; उमेदवारी आधीच दिली गेली होती. खुली स्पर्धा झाली असती तर मला बरं वाटलं असतं. पण जे झालं ते नियमानं झालं, आणि ज्यांनी केलं ते आपणच जूनमध्ये पाठवलेले लोक होते.

न्यू जर्सीचं दुखणं वेगळं आहे. २००८ ला आम्ही फेब्रुवारीत मत दिलं. त्यानंतर प्रायमरी परत जूनमध्ये गेली. २०१६ मध्ये आमचं मतदान ७ जूनला होतं, आणि ६ जूनच्या संध्याकाळी असोसिएटेड प्रेसनं सुपरडेलिगेट धरून मोजणी केली आणि क्लिंटन यांची उमेदवारी पक्की झाल्याचं जाहीर केलं. माझ्या मुलीचं ते पहिलं मत. सकाळी तिनं विचारलं, "आई, जायचं कशाला?" आम्ही गेलो, पण ते विचारणं रास्त होतं.

दर निवडणुकीच्या आदल्या वर्षी प्रत्येक राज्याचा डेमोक्रॅटिक पक्ष आपली डेलिगेट निवडीची योजना तयार करतो. तिचा मसुदा लोकांसमोर ठेवून तीस दिवस सूचना घ्याव्या लागतात. फार थोडे लोक त्या पाठवतात. मी पाठवणार आहे त्यात दोन गोष्टी असतील. एक, तारीख जूनच्या आधी आणण्यासाठी पक्षानं विधिमंडळाकडे आग्रह धरावा. दोन, डेलिगेटच्या खर्चाची सोय करावी. विमान, चार रात्रींचं हॉटेल, बिनपगारी रजा, हे सगळं बहुतेक डेलिगेट स्वतःच्या खिशातून करतात. ज्या बाईला ते परवडत नाही तिनं उभं राहायचं कसं? आपल्या मंडळातल्या एका परिचारिकेला मी यासाठी गळ घातली होती. तिनं खर्च ऐकला आणि हात जोडले. मसुदा निघाला की त्याचा दुवा इथे टाकीन. न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी आपापल्या शब्दांत लिहावं, इंग्रजी कसंही असलं तरी चालतं.